नैराश्यग्रस्त विद्यार्थी, औषधोपचार व शिक्षक

वर्गातील एखादा चुणचुणीत मुलगा मागील रांगेत सरकू लागतो, खेळाच्या तासास झाडाखाली बसून राहतो, साध्या बेरजेत चुकतो. शिक्षक त्यास आळशी म्हणतात, घरची मंडळी हट्टी म्हणतात. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली व झोप-भूक बिघडली, तर तो स्वभावदोष नसून नैराश्याचा आजार असू शकतो. मुलांमध्ये हा आजार पुष्कळदा रडण्यापेक्षा चिडखोरपणाने व्यक्त होतो.

मराठवाड्यास हे दुःख परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात घरे पुन्हा उभी राहिली, पण अनेकांची मने सावरण्यास फार काळ लागला. अवर्षण, कर्ज, ऊसतोडीसाठी आईवडिलांचे स्थलांतर, लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतील चढाओढ यांचा भार आज मुलांवर पडतो.

पालक विचारतात, "गुरुजी, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, देऊ का नको?" येथे शिक्षकाने हो किंवा नाही म्हणू नये. निर्णय पालकांचा, डॉक्टरांचा व समजत्या वयाच्या मुलाचाही आहे. सौम्य आजारात समुपदेशन, नियमित झोप व खेळ यांनी प्रारंभ करतात. आजार तीव्र असल्यास समुपदेशनास औषधाची जोड देतात. फ्लुओक्सेटीन हे औषध मुलांसाठी अधिक वापरले जाते. त्याचा गुण चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून, किंवा पुढे मूल हसू लागले म्हणून, गोळी बंद केली जाते. खरी हानी येथेच होते. बरे वाटल्यावरही औषध सहा महिने वा अधिक चालू ठेवावे लागते, आणि थांबवायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. या गोळीचे व्यसन लागते ही समजूत चुकीची आहे.

मात्र एक धोका लपवू नये. पहिल्या काही आठवड्यांत काही तरुणांत अस्वस्थता व आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये तसा ठळक इशारा छापावयास लावला. म्हणून या काळात मुलास एकटे सोडू नये, आणि घरातील कीटकनाशके कुलपात ठेवण्यास पालकांस सांगावे. "जगू नये असे वाटते का?" असे मुलास शांतपणे विचारावे, विचारल्याने ती कल्पना मनात रुजत नाही. होकार आल्यास ती गोष्ट गुप्त न ठेवता त्याच दिवशी पालकांसह डॉक्टरांकडे जावे.

लातूर येथील विलासराव देशमुख व नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. २०२२ पासून चालू असलेल्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे अहोरात्र विनामूल्य व मराठीतही बोलता येते. नवसास जाणाऱ्या कुटुंबास हिणवू नये. नवसाबरोबर गोळीही चालू ठेवा, एवढेच सांगावे.

सकाळी गुंगी राहिल्याने असे मूल प्रार्थनेस उशिरा आल्यास त्यास बाहेर उभे करू नये, व आजाराचा उल्लेख वर्गासमोर करू नये. हजेरी घेताना त्याच्या नावाशी क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहावे.