पेशीतला प्रवाह आणि संशोधनाची वाट

अकरावीला जीवशास्त्र सोडून गणित घेतले की सजीवांच्या अभ्यासाचे दार बंद, असे आमचे विद्यार्थी धरून चालतात. आम्हीही वर्गात पुष्कळ वर्षे तसेच सांगत आलो. ती आमची चूक.

तळ्यातल्या कारा वनस्पतीची एकच पेशी काही सेंटीमीटर लांब असते. तिच्यातले जीवद्रव्य सतत फिरते, हे कोर्ती यांनी १७७४ साली पाहिले. वेग सेकंदाला मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. थोडा वाटतो ना? पण साखरेच्या रेणूला नुसत्या विसरणाने एक सेंटीमीटर जाण्यास सुमारे एक दिवस लागेल. प्रवाहाबरोबर तो दोन मिनिटांच्या आत पोचतो. हा हिशेब गणितवाल्याचाच. इतक्या सूक्ष्म जगात जडत्वाला किंमत नाही, तेथे चिकटपणाचा अंमल. जी. आय. टेलर यांनी १९५१ साली सूक्ष्मजीवांच्या पोहण्याचे गणित मांडले ते ह्याच आधारावर.

केंब्रिजच्या गणित विभागात काराच्या प्रवाहावर संशोधन झाले आहे. आपल्याकडे बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही भौतिकी वा अभियांत्रिकीच्या पदवीधराला पीएच.डी.साठी जीवशास्त्राकडे वळता येते. नेट, गेट उत्तीर्ण झाल्यास शिष्यवृत्तीचीही सोय होते. अवकल समीकरणे मात्र पक्की हवीत.

हायड्रिलाच्या पानात हा प्रवाह शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. यंदा आम्ही तो गणिताच्या तुकडीला दाखविला.