शिक्षा संपते, शिक्का राहतो



घरातल्या कुणाला शिक्षा झाली की त्या घरची बाई बैठकीत मागं बसायला लागते. मग हळूहळू यायचीच बंद होते. खरं तर तिनं काहीच केलेलं नसतं. म्हणून या महिन्याचा पाठ या विषयावर.

आधी एक लक्षात ठेवा : गुन्हा दाखल होणं म्हणजे शिक्षा नाही. न्यायालयात सिद्ध होईपर्यंत माणूस दोषी नसतो.

शिक्षेनंतर काय अडतं? सरकारी नोकरीत आणि पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी होते, तिथं अडचण येते. सहा महिने किंवा जास्त कैद झाली, तर सुटल्यावर साधारण ५ वर्षं ग्रामपंचायतीचं सदस्य होता येत नाही. म्हणून "दंड भरू आणि मोकळं होऊ" असं म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला विचारा. पहिलाच, लहान गुन्हा असेल तर चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे. तसं सोडलं तर पुढची अपात्रता लागत नाही.

काय अडत नाही? तुरुंगातून सुटल्यावर मतदान करता येतं. आणि नवऱ्याच्या शिक्षेमुळं बायकोचा कुठलाच हक्क जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात आमदार सुनील केदार यांना ५ वर्षांची शिक्षा झाली. आमदारकी गेली, जामीन मिळूनही २०२४ ची निवडणूक लढवता आली नाही. पण त्यांच्या पत्नी सावनेरमधून उभ्या राहिल्या. कायद्यानं त्यांना अडवलं नाही. मग भोर-वेल्ह्यातल्या आपल्या मैत्रिणीला गटानं का अडवावं?

मदत कुठं? बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. आई किंवा वडील तुरुंगात असतील तर मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. त्यासाठी महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा.

बैठकीत चर्चा करा :
१. कर्ज देताना आपण तिची बचत आणि परतफेड बघतो, की तिच्या नवऱ्याचं नाव?
२. अशी कुणी बैठकीला यायची बंद झाली आहे का? तिच्या घरी कोण जाणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाव घालून वहीत लिहा.