शपथ का मोडते? – मद्यासक्ती आणि मेंदूची ओढ

गरीब रुग्ण साहाय्य निधीच्या हिशेबात एकाच रुग्णाचे नाव दोनदा आढळले, की देणगीदार विचारतात : मद्य सोडण्याचे वचन देऊन घरी गेलेल्या माणसावर पुन्हा खर्च कशासाठी? देयकाच्या खिडकीशी उभी असलेली पत्नीही तेच विचारते : "मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मग पुन्हा का प्यायले?" प्रशासन विभागातील आम्ही वाणिज्य शाखेचे, तथापि डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर येथे मांडत आहोत.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म तारा बसविल्या. कळ दाबताच मेंदूच्या विशिष्ट भागास सौम्य विद्युतप्रवाह मिळे आणि उंदीर ती कळ पुनःपुन्हा दाबत राहत. अन्नपाण्याची ओढ निर्माण करणाऱ्या या व्यवस्थेत डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो.

वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत अनपेक्षित फळरस मिळताच डोपामिनच्या पेशी उद्दीपित होत. रसापूर्वी ठरावीक खूण दिसते हे माकड शिकले, की त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देत. रस न मिळाल्यास मंदावत. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष जमा यांतील तफावत जणू मेंदू नोंदवीत असतो. मद्य स्वतःच डोपामिन वाढवून या खतावणीत खोटी जमा दाखविते. मग संध्याकाळची वेळ, जुने सोबती, गुत्त्याची पाटी याही खुणा ठरतात.

केंट बेरिज व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. डोपामिन जवळजवळ नष्ट झालेल्या उंदरांना गोडी पूर्वीसारखीच रुचे. परंतु ते आपणहून अन्नाकडे वळत नसत. म्हणजे 'आवडणे' वेगळे आणि 'हवेसे वाटणे' वेगळे. मद्यातील सुख ओसरल्यानंतरही ओढ उरते, ती यामुळेच.

तेव्हा शपथ घेताना रुग्ण बहुधा खोटे बोलत नसतो. त्याची जबाबदारी यामुळे संपत नाही. मात्र मधुमेहाप्रमाणे हाही दीर्घकाळ सांभाळावयाचा विकार आहे. समुपदेशनाच्या जोडीला औषधेही आहेत. नॅलट्रेक्झोनला अमेरिकेत १९९४ साली या उपचारासाठी मान्यता मिळाली.

कुटुंबीयांस नम्र सूचना : घरात बाटली ठेवू नये, फेरतपासणी चुकवू नये. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याचे मद्य घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. झटके वा भ्रम होऊन जिवास धोका संभवतो. त्यास प्रथम डॉक्टरांकडे आणावे.

देणगीदारांस विनंती एवढीच, की दुसऱ्यांदा आलेल्या रुग्णाची नोंद बुडीत खाती करू नये. तो पुन्हा रुग्णालयाची पायरी चढला, हीच आम्ही जमेची बाजू मानतो.