रोजचा ‘शेक’ कसा असतो?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रोज रेडिएशन (‘शेक’) सांगितलंय. भेस्तानहून रिक्षाने जा-ये झेपेल का? घरात लहान नातवंडं आहेत.
– एक वाचक, भेस्तान

उत्तर : बहुतेकांना झेपतं. यंत्राखाली काही मिनिटंच पडून राहायचं. दुखत नाही, भाजत नाही. खरी कसरत त्याआधीची. पोट साफ आणि मूत्राशय ठरल्याइतकं भरलेलं हवं, म्हणजे आतडं व मूत्राशय किरणांपासून जमेल तेवढं दूर राहतं. म्हणून पाणी रुग्णालयात पोचल्यावर, सांगितलेल्या वेळीच प्यावं. घरून पिऊन निघालात आणि वाटेत उधन्याच्या गर्दीत अडकलात, तर हालच!

दोन-तीन आठवड्यांनी वारंवार लघवी, जळजळ, पातळ शौच, थकवा सुरू होऊ शकतो; उपचार संपल्यावर हा त्रास बहुधा ओसरतो. लघवी अडली किंवा रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांना गाठा. बाहेरून दिलेले किरण अंगात उरत नाहीत, नातवंडांना खुशाल मांडीवर घेऊ द्या.

फेऱ्या कमी होतील का, हे जरूर विचारा. २०१६मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश ‘चिप’ चाचणीत ३७ ऐवजी २० मात्रांनीही कॅन्सर तितकाच आटोक्यात राहिला. वडिलांना ते लागू आहे का, हे त्यांचे रेडिएशनतज्ज्ञच सांगतील. मधले दिवस मात्र मनाने चुकवू नका.