संयमाचे सामर्थ्य

इ. स. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने जपानमधील हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबाँब टाकले. एकेका बाँबने हजारो माणसांचा बळी घेतला. चार वर्षांनी सोव्हिएत रशियानेही अणुबाँबचा स्फोट घडवून आणला. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढलेली ही राष्ट्रे आता परस्परांकडे संशयाने पाहू लागली. एकाने नवे अस्त्र सिद्ध करावे आणि दुसऱ्याने त्याहून भयंकर अस्त्र निर्माण करावे, अशी चढाओढ सुरू झाली. समोरासमोर रणांगणात न उतरता चाललेल्या या वैराला ‘शीतयुद्ध’ असे नाव पडले.

१९६२ साली हे वैर विकोपाला गेले. क्यूबा हे बेट अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरांच्या आत आहे. रशियाने तेथे अण्वस्त्रे वाहून नेणारी क्षेपणास्त्रे गुप्तपणे आणली. १४ ऑक्टोबर रोजी अमेरिकेच्या टेहळणी विमानाने घेतलेल्या छायाचित्रांवरून हे गुपित उघडकीस आले. अमेरिकेनेही रशियाच्या शेजारी, तुर्कस्तानात, अशीच क्षेपणास्त्रे ठेवली होती. तरीही आपल्या दाराशी आलेले हे संकट तिला सहन होईना. २२ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या सागरी नाकेबंदीची घोषणा केली. साऱ्या जगाने श्वास रोखून धरला.

२७ ऑक्टोबरचा दिवस सर्वांत कठीण ठरला. त्या दिवशी क्यूबावर एक अमेरिकन विमान पाडले गेले व त्याचा वैमानिक मृत्युमुखी पडला. त्याच दिवशी अमेरिकन युद्धनौकांनी बी-५९ या रशियन पाणबुडीला घेरले. ती पाण्याबाहेर यावी, म्हणून त्यांनी इशाऱ्याचे लहान बाँब पाण्यात टाकले. त्या पाणबुडीवर अण्वस्त्र बसविलेला एक पाणतीर आहे, याची अमेरिकन नौसैनिकांना कल्पना नव्हती.

पाणबुडीतील स्थिती बिकट होती. मॉस्कोशी संपर्क तुटला होता. आत असह्य उकाडा होता, हवा कोंदटली होती आणि वीज संपत आली होती. वर स्फोटांचे आवाज होत होते. युद्धाला तोंड लागले असावे, असे कप्तान साविट्स्की यांना वाटले. संतापाच्या भरात त्यांनी तो पाणतीर सज्ज करण्यास सांगितले, असे त्यांच्या सोबत्यांच्या आठवणींवरून पुढे कळले.

त्या पाणबुडीवर वासिली आर्खिपोव हे वरिष्ठ अधिकारी होते. ते डगमगले नाहीत. हे स्फोट हल्ल्याचे नसून इशाऱ्याचे आहेत, हे त्यांनी ओळखले व कप्तानाला शांत केले. पाणतीर सुटला नाही. पाणबुडी पाण्यावर आली आणि पुढे मायदेशी परतली. तो पाणतीर सुटता, तर उत्तरादाखल दुसरे अस्त्र सुटले असते आणि त्या वणव्याला आवर घालणे कोणालाच शक्य झाले नसते.

दुसऱ्या दिवशी रशियाचे पंतप्रधान ख्रुश्चेव यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे मान्य केले. क्यूबावर आक्रमण न करण्याचे वचन अमेरिकेने दिले. तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचेही तिने गुप्तपणे कबूल केले. १९६३ साली दोन्ही राजधान्यांना जोडणारी थेट संदेशयंत्रणा उभारण्यात आली. त्याच वर्षी वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करारही झाला.

आर्खिपोव यांची ही कामगिरी जगाला कळली, ती त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांनी कोणताही गड जिंकला नाही, की शत्रूचे एकही जहाज बुडविले नाही. त्यांनी केवळ एक अविचार थांबविला. आज भारतासह नऊ राष्ट्रांजवळ अण्वस्त्रे आहेत. अस्त्र कितीही सामर्थ्यशाली असले, तरी ते चालवावे की न चालवावे, हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणूनच शस्त्र उचलणाऱ्या हातापेक्षा ते आवरणारे मन अधिक बलवान असावे लागते.

स्वाध्याय

१. ‘शीतयुद्ध’ कशाला म्हणतात?
२. कप्तानाला युद्ध सुरू झाल्यासारखे का वाटले?
३. राग आवरल्यामुळे टळलेला एखादा अनर्थ आठ-दहा ओळींत लिहा.