मांजराचा श्वास ऐकू येऊ लागतो तेव्हा

निरोगी मांजराचा श्वास ऐकू येत नाही. शांत झोपलेल्या मांजराची छाती मिनिटाला साधारण पंधरा ते तीस वेळा वरखाली होते, तोंड मिटलेले असते, नाकपुड्या हलताना दिसत नाहीत. खाण्यापिण्यात आणि खेळण्यात काही फरक नसलेल्या मांजराच्या श्वासाला आवाज येऊ लागला तर कारण शोधायलाच हवे. मात्र आवाज मोठा म्हणजे आजारही मोठा, असे मांजराच्या बाबतीत नसते. चपट्या नाकाचे पर्शियन वर्षानुवर्षे घोरत सुखाने जगते, तर छातीत पाणी साठत असलेले मांजर जराही आवाज न करता एका रात्रीत अत्यवस्थ होते. आवाजामुळे लक्ष वेधले जाते, पण घाई किती करायची हे श्वासाच्या वेगावर आणि श्वास घेताना मांजराला पडणाऱ्या कष्टांवर ठरते.

आधी घुरघुर बाजूला काढावी. घुरघुरण्याचा कंप सेकंदाला वीस ते तीस वेळा होतो आणि तो श्वास आत घेताना व बाहेर सोडताना, दोन्ही वेळा चालू राहतो. घशातले स्नायू मेंदूच्या आदेशाने सतत आखडून हा आवाज काढतात, असे अनेक वर्षे मानले जात होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मृत मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती हवा सोडूनही तसाच खालच्या पट्टीतला आवाज निघाला. स्वरतंतूंत असलेल्या जाड गाद्यांमुळे तो शक्य होतो, असे संशोधकांनी दाखवले. पालकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मांजर सुखात असताना घुरघुरते तसे वेदनेत आणि भीतीतही घुरघुरते, त्यामुळे दवाखान्याच्या टेबलावर घुरघुरणारे मांजर बरे आहे असे समजू नये. घुरघुरीमुळे छातीचे आवाज झाकले जातात, म्हणून काही पशुवैद्य स्टेथोस्कोप लावण्याआधी जवळचा नळ सोडतात. पाण्याच्या आवाजाने बरीच मांजरे घुरघुरायची थांबतात.

घुरघुर नसेल तर आवाज कुठून येतो हे पाहायचे. घोरल्यासारखा, ओलसर, जड आवाज नाकातून किंवा नाकामागच्या घशातून येतो. श्वास आत ओढताना उंच, कर्कश सूर निघत असेल तर स्वरयंत्राजवळची वाट अरुंद झालेली असते. श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक सूर निघाला तर दोष फुफ्फुसांतल्या लहान श्वासनळ्यांत असण्याची शक्यता मोठी. या खुणा पक्क्या नसतात, पण तपासणी नाकापासून सुरू करायची की छातीपासून, हे त्यांवरून बरेचसे ठरते. घरच्या घरी करण्यासारखे सर्वांत उपयोगी काम म्हणजे मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आवाज बहुतेक वेळा थांबलेला असतो आणि पालकाने तोंडाने केलेली नक्कल फारशी कामाला येत नाही.

सर्वांत जास्त फसवणारा आजार म्हणजे मांजराचा दमा. मांजर एकाएकी जमिनीलगत बसते, कोपरे बाहेर काढते, मान पुढे ताणते आणि सात-आठ उबळी येतात. शेवटी ते काहीतरी गिळते आणि उठून चालू लागते. घरचे म्हणतात, केसांचा गोळा अडकला होता. गोळा खरोखर अडकला असेल तर पोट आतून उसळताना दिसते आणि आज ना उद्या केसांची वळी बाहेर पडते. महिनोन्‌महिने ‘गोळा’ निघण्याचा प्रयत्न चालू आहे आणि गोळा काही दिसत नाही, तर तो खोकला आहे असे धरून चालावे. दम्यात श्वासनळ्यांच्या भिंती सुजतात, चिकट स्राव साठतो आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हवा आत जाते पण बाहेर पडताना अडते. म्हणूनच शिट्टी श्वास सोडताना ऐकू येते आणि पोटाचे स्नायू जोर लावताना दिसतात. पाळीव मांजरांपैकी शंभरात एक ते पाच मांजरांना हा आजार असतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. तो बहुतेकदा तरुण व मध्यम वयात दिसतो आणि सयामी जातीत त्याचे प्रमाण जास्त आढळते. दोन झटक्यांच्या मधल्या काळात मांजर अगदी ठणठणीत असते, त्यामुळे उपचार लांबतात.

दम्याचे मूळ ॲलर्जीत असते, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात श्वासनळ्यांना डिवचणाऱ्या गोष्टींची वाण नाही. भोसरीच्या एमआयडीसीत फाउंड्री, प्लेटिंग आणि पावडर कोटिंगचे कारखाने आहेत, चाकणला वाहन उद्योग आणि त्याच्यामागे येणारी अवजड वाहतूक आहे, आणि मोशी, चऱ्होली, रावेतच्या बाजूला बांधकामांची धूळ आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते आणि धूर वर जात नाही. त्यात रस्त्याकडेच्या शेकोट्या आणि पेटवलेला कचरा यांची भर पडते. पाषाणच्या हवामानविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाने हवा मोजण्यासाठी भोसरी आणि निगडीची निवड केली होती. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, भारतात चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती माणसासाठी ठरवलेली आहे, मांजरासाठी वेगळी मर्यादा कोणी ठरवलेली नाही.

तरीही एखाद्या मांजराच्या दम्याचे खापर कारखान्याच्या धुराड्यावर फोडण्याआधी घरात पाहावे. फ्लॅटमधले मांजर चोवीस तास घरातलीच हवा घेते, आणि तीही जमिनीपासून वीतभर उंचीवरची. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, फोडणीचा ठसका, रूम फ्रेशनर आणि फरशी पुसण्याचे उग्र वासाचे फिनाइल यांचा त्रास दूरच्या चिमणीपेक्षा आधी होतो. सिगारेटचा धूर दुहेरी घातक आहे. एकदा तो श्वासातून जातो आणि दुसऱ्यांदा केसांवर बसलेले कण अंग चाटताना पोटात जातात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरातल्या मांजरांत लिम्फोमा या कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. शौचाच्या डब्यातली वाळूही पाहावी. स्वस्त बेंटोनाइटची वाळू उकरताना धुरळा उडतो. पॅलेटच्या वर्कशॉपमधून फुकट आणलेला लाकडी भुसा तर त्याहून वाईट, कारण बारीक धुळीसोबत त्यात लाकडाला मारलेले रसायनही असू शकते. शॉप फ्लोअरवरून आलेला गणवेश पलंगावर टाकण्याची सवय असेल तर ती मोडावी, मांजर नेमके त्यावरच जाऊन झोपते.

नाकाकडच्या आवाजांत सर्वांत नेहमीचे कारण जुन्या सर्दीचे असते. पार्किंगमधून उचलून आणलेल्या बहुतेक पिल्लांचा हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंशी केव्हा ना केव्हा संबंध आलेला असतो. सर्दी बरी होते, पण हर्पिसचा विषाणू मज्जापेशींत दडून राहतो आणि घर बदलले, नवे मांजर आले किंवा बोर्डिंगला ठेवले की पुन्हा डोके वर काढतो. काहींच्या नाकातली नाजूक हाडे कायमची खराब होतात आणि ते मांजर आयुष्यभर थोडे घोरत, शिंकत राहते. तीन विषाणूंविरुद्धची ‘ट्रायकॅट’ लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर सुरू करतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस देतात. लसीने संसर्ग पूर्ण टळतोच असे नाही, पण आजाराची तीव्रता बरीच कमी होते. पर्शियन आणि हिमालयन मांजरांत मुळात नाकपुड्याच चिरेएवढ्या असतात. त्यांचे घोरणे जन्मजात असले तरी ‘जातच तशी आहे’ म्हणून सोडून देणे बरोबर नाही. नाकपुड्या रुंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया असते आणि तिचा उपयोग होतो.

तरुण मांजर अचानक घोरू लागले आणि सोबत कान खाजवत असेल किंवा मान एका बाजूला कलती धरत असेल, तर मधल्या कानातून नाकामागे वाढलेल्या मांसल गाठीची शंका घ्यावी. ही गाठ कर्करोगाची नसते आणि भूल देऊन काढता येते. गवत खाल्ल्यानंतर लगेच शिंका, ठसके आणि घोगरा आवाज सुरू झाला तर गवताचे पाते टाळूमागे अडकलेले असू शकते. म्हाताऱ्या मांजराच्या एकाच नाकपुडीतून रक्ताळ शेंबूड येत असेल तर दाताच्या मुळाशी झालेला पू किंवा नाकातला कर्करोग, दोन्ही तपासावे लागतात. उंच सोसायट्यांच्या डक्टमध्ये साठलेली कबुतरांची विष्ठा हे आणखी एक दुर्लक्षित कारण. तिच्यात वाढणारी क्रिप्टोकॉकस बुरशी क्वचित मांजराच्या नाकात ठाण मांडते आणि नाकाचा दांडा फुगीर दिसू लागतो.

वाकड, पिंपळे सौदागर, मोशी या भागांत बाल्कनीला जाळी नसलेले उंच फ्लॅट आहेत, तिथे पडण्याचा इतिहास आवर्जून विचारावा लागतो. उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा न्यूयॉर्कमधला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दहापैकी नऊंच्या छातीला इजा झाली होती, आणि उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली. पडलेले मांजर बऱ्याचदा उठून पलंगाखाली जाते आणि दुसऱ्या दिवशी खातेही. छातीचा पडदा फाटून आतडी छातीत सरकली असतील तर धाप लागणे काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकते, तोवर पडण्याचा प्रसंग घरचे विसरलेले असतात.

हृदयाचा आजार सर्वांत गुपचूप येतो. मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो, आणि मेन कून व रॅगडॉल या जातींत तो जनुकांतूनही येतो. हृदय थकलेला कुत्रा खोकतो, मांजर सहसा खोकत नाही. ते खेळ कमी करते, जास्त झोपते, आणि झोपेतला श्वास हळूहळू वाढत जातो. म्हणूनच आठवड्यातून एकदा गाढ झोपेत श्वास मोजण्याची सवय कोणत्याही आवाजापेक्षा जास्त माहिती देते. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करावे. आकडा सतत तीसच्या वर राहिला तर त्याच आठवड्यात दाखवावे, आणि विश्रांतीत चाळीसच्या वर गेला तर त्याच दिवशी.

काही लक्षणांत तेवढाही वेळ नसतो. तोंड उघडे ठेवून श्वास, हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणे, श्वासागणिक पोट आत ओढले जाणे, आडवे न होता मान ताणून बसून राहणे, किंवा मागचे पाय एकाएकी लुळे पडून मांजर किंचाळणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी निघावे. जोरात पळापळ झाल्यावर मिनिटभर तोंड उघडे राहू शकते, आणि दुसऱ्या मांजराचा वास घेताना ते ओठ वर करून काही क्षण तोंड उघडे ठेवते. एवढे दोन अपवाद सोडले तर मांजराने कुत्र्यासारखे धापा टाकणे ही कधीच साधी गोष्ट नसते.

घरगुती उपायांनी नुकसानच जास्त होते. कापूर, निलगिरीचे तेल किंवा छातीला चोळायचा बाम मांजराला लावू नये, ते चाटून पोटात घेते. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते आणि हिरड्या तपकिरी होतात. कुत्र्याच्या पिसवांसाठीचे परमेथ्रीनचे थेंबही तितकेच विषारी असतात. धाप लागलेल्या मांजराच्या तोंडात पाणी, मध किंवा औषध ओतले तर ते थेट फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

नेताना मांजर मांडीवर धरू नये. हवा खेळती असलेली टोपली किंवा कॅरिअर घ्यावा, त्यावर पातळ कापड टाकावे आणि गाडीत आवाज कमी ठेवावा. चाकण चौक किंवा तळेगाव-चाकण रस्त्याची कोंडी लक्षात घेता निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून प्राणवायूची सोय आहे का ते विचारावे. नसेल तर पुढच्या ठिकाणी जाणे बरे. चांगला पशुवैद्य अशा मांजराला लगेच एक्स-रेसाठी दाबून धरत नाही. आधी प्राणवायू देतो, लागल्यास सौम्य शामक देतो, छातीत पाणी आहे का हे सोनोग्राफीने पाहतो आणि असेल तर सुईने काढतो. एक्स-रे, रक्त आणि हृदयाचा इको मांजर स्थिर झाल्यावर होतात. दम्यात एक्स-रे अगदी सामान्यही येऊ शकतो, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर दमा नाही असे म्हणता येत नाही.

दमा ठरलाच तर सुरुवातीला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असतात. त्या दीर्घकाळ दिल्यास वजन वाढते आणि मधुमेहाचा धोका संभवतो, म्हणून पुढे फ्लुटिकासोनच्या इनहेलरकडे वळतात. औषध माणसाचेच असते, फक्त लहान मुलांसारखा स्पेसर आणि मांजराच्या तोंडाला बसणारा मास्क लागतो. मास्क लावल्यावर मांजराने सात ते दहा श्वास घेतले की डोस पूर्ण होतो. पहिले काही दिवस औषधाविना नुसता मास्क दाखवून, खाऊ देऊन सवय केली तर बहुतेक मांजरे तो मान्य करतात. फ्लुटिकासोनचा परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. साल्ब्युटामॉलचा इनहेलर फक्त झटक्यासाठी असतो, रोजच्या वापराने तो उलट सूज वाढवू शकतो. खोकला थांबला म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. लक्षणे गेल्यावरही श्वासनळ्यांची सूज शिल्लक राहू शकते, आणि डोस कमी करण्याचा निर्णय पुन्हा तपासणी करून पशुवैद्यच घेतो.