मस्कतहून निपाणीस परतताना

प्रश्न : पुढील महिन्यात आम्ही मस्कत सोडून सहकुटुंब निपाणीस परतत आहोत; मुलगी सहावीत आहे. प्रथम काय उरकावे?

उत्तर : पेट्या भरण्याची घाई साहजिक असली, तरी आधी मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे लक्ष द्यावे, कारण ओमान व भारत हे दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात सामील असल्यामुळे तेथील परराष्ट्र मंत्रालयाचा, दाखला परदेशात ग्राह्य ठरवणारा ‘अपोस्टिल’ शिक्का तिथे असतानाच सुलभतेने मिळतो, मागाहून मात्र हेलपाटे पडतात. अस्सल दाखला हातातील पिशवीतच असावा. दुसरे म्हणजे, निपाणी कर्नाटकात आहे आणि त्या राज्याच्या २०१५ च्या कायद्यान्वये शाळांत कन्नड अनिवार्य आहे. वर्णक्रम आपल्यासारखाच असला तरी लिपी निराळी, म्हणून आतापासूनच रोज थोडी अक्षरे गिरवून घ्यावीत. आणि, कितीही धांदल असो, मैत्रिणींचा निरोप घेण्यास तिला पुरेसा अवकाश द्यावा, असा माझा आग्रह आहे.